निबंध तपासणाऱ्या ॲपची हिरवी पट्टी: सहा महिन्यांनंतर

ॲपने माझे तीन निबंध खाल्ले, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर सुरुवातीचे दोन महिने मी ऑफिसात भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. नाव लिहीत नाही, भांडण अर्धवट मिटलंय.

आमचं गणित साधं होतं. कॅनडासाठी आम्हाला सीएलबी ९ (कॅनडाने ठरवलेली भाषेची पातळी) हवं, म्हणजे आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल प्रकारात लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७. ठाणे स्टेशनजवळच्या क्लासची फी ऐकली आणि ऐरोलीला परत येईपर्यंत क्लासचा विचार सोडून दिला. ॲपचा सहा महिन्यांचा प्लॅन ३,४९९ रुपयांना, त्यात ४० निबंध. निबंधाला ८७ रुपये पडतात. हा हिशोब मी नको तितक्या वेळा केलाय.

बाकी सोयी तुम्हाला माहीत असतीलच: घड्याळ, शब्दमोजणी, बँड (म्हणजे ९ पैकी गुण), लाल खुणा. मला बोलायचंय ते हिरव्या पट्टीबद्दल. निबंध लिहिताना स्क्रीनच्या उजवीकडे एक पट्टी असते. 'मोरओव्हर' टाकलं की ती सरकते, 'फर्दरमोर' टाकलं की अजून सरकते, 'इन अ नटशेल'वर तर उडीच मारते. मराठी माध्यमातल्या माणसाला याचं व्यसन लागायला वेळ लागत नाही. शाळेत आम्ही 'झाडाचे आत्मवृत्त' सुद्धा सुभाषिताने सुरू करायचो आणि बाई त्याचा अर्धा मार्क जास्त द्यायच्या. इथे सुभाषिताच्या जागी 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' आलं, एवढाच फरक. दुसऱ्या महिन्यात ॲप मला सरसकट साडेसात द्यायला लागलं. घरी पेढे आणायचे तेवढे बाकी होते.

तिसऱ्या महिन्यात खरी परीक्षा दिली. लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ७. रायटिंग ६.५.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. परीक्षकांचे निकष जाहीर असतात, ते उघडून वाचले. चार निकष, चारही सारख्या वजनाचे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण. जोडशब्द, म्हणजे 'मोरओव्हर'सारखे वाक्यं जोडणारे शब्द, यातल्या एकाच निकषाचा एक तुकडा, आणि तिथेही वरच्या बँडला अपेक्षा अशी की जोडणी वाचणाऱ्याच्या नजरेत भरू नये. जोडशब्दांचा अतिरेक हा चक्क दोष म्हणून लिहिलाय. म्हणजे ज्या पट्टीला मी पहाटे साडेचारपासून खाऊ घालत होतो, ती मला उलट्या दिशेने नेत होती. त्या दिवसापासून स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर मी चिकटपट्टी लावली. मुलीने त्यावर बदक काढलं.

आता न्यायाने सांगायचं तर याच प्लॅनमध्ये 'तज्ज्ञ तपासणी'चे चार निबंध होते आणि ते मी कंजूषपणे शेवटासाठी राखून ठेवले होते. ही माझी चूक. पहिल्याच तपासणीत कोणा अनोळखी बाईंनी दोनच प्रश्न विचारले. एक: 'कितपत सहमत आहात' असं विचारलंय, मग तुमचं मत शेवटच्या ओळीपर्यंत लपून का बसलंय? दोन: 'संशोधनानुसार ८० टक्के लोक' हे संशोधन कुणाचं? कुणाचंच नव्हतं, मीच केलं होतं. प्रश्नपत्रिकेत तर स्वतःच्या माहितीतली, अनुभवातली उदाहरणं द्या असंच म्हटलेलं असतं. पुढचा निबंध शहरातल्या खासगी गाड्यांवर होता. त्यात ठाणे-बेलापूर रस्ता घातला, संध्याकाळी सात वाजताचा, आणि मत पहिल्या परिच्छेदात सांगून टाकलं. 'किड्स'चं 'चिल्ड्रन' केलं, 'डोन्ट'चं 'डू नॉट'. जोडशब्द मोजून तीन. बाईंनी लिहिलं, हा वाचावासा वाटला. पट्टी बदकाखाली कुठे होती कोण जाणे.

म्हणून मत बदललं: तज्ज्ञ तपासणी पैसे वसूल, यांत्रिक तपासणी फक्त हात बसण्यापुरती. आणखी एक सोय मी सुरुवातीला टाकाऊ म्हणालो होतो, 'कोरं पान'. त्यात चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेतही येत नाही, शब्दांचा आकडा तेवढा दिसतो. 'गव्हर्नमेंट'मधला एन मी आयुष्यभर गाळत होतो हे त्या कोऱ्या पानाने दाखवलं.

आता ते खाल्लेले निबंध. मे महिन्यात आमच्याकडे तीनदा लाइट गेली, राउटर बंद. ॲपचं घड्याळ मात्र त्यांच्या सर्व्हरवर चालूच. चाळीस मिनिटं झाली की असेल तेवढं सादर. २५० शब्द हवेत तिथे एकदा ११२ गेले. बँड ४ आणि ८७ रुपये गुल. तीनदा मिळून २६१. कस्टमर केअरचं उत्तर आलं: निबंध सादर झाला म्हणजे वापरला गेला. आणि खाली, खोटं नाही सांगत, 'फर्दरमोर'.

तेव्हा मी रीतसर तक्रारपत्र लिहिलं. जनरलमध्ये पहिला प्रश्न पत्राचाच असतो, किमान १५० शब्द, वीस मिनिटं. 'डिअर सर ऑर मॅडम'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत, तीन मुद्दे, तीन परिच्छेद, १६३ शब्द. काय झालं, काय नुकसान झालं, काय हवंय. रागात असलो की माझं इंग्रजी सरळ होतं हे तेव्हा कळलं. नऊ दिवसांनी दोन निबंध परत आले. तिसऱ्याबद्दल मौन.

जून महिन्यात पुन्हा परीक्षा दिली, रायटिंग ७. श्रेय बाईंना, थोडं तक्रारपत्राला.

परत आलेल्या दोन निबंधांची मुदत रविवारी संपतेय. फुकट कशाला घालवायचे, म्हणून काल तेच तक्रारपत्र ॲपला तपासायला दिलं. ६ बँड. शेरा: जोडशब्द वाढवा. एक निबंध अजून शिल्लक आहे. बायको म्हणते, हाच अनुभव इंग्रजीत लिहून टाक त्यात.