स्कॉच सिंगल माल्ट: प्रदेशाचे नाव चवीबद्दल किती सांगते?

सिंगल माल्ट स्कॉचची ओळख करून देताना लोलँड, हायलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला या पाच प्रदेशांचा नकाशा पुढे ठेवण्याची पद्धत आहे. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीने ही पाचही नावे संरक्षित केली आहेत. एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये (तांब्याच्या ऊर्ध्वपातन-भांड्यात) गाळलेले आणि ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेले मद्य असावे, त्यात मद्यार्क ४० टक्क्यांपेक्षा कमी नसावा, एवढे ही नियमावली बजावून सांगते. मात्र कोणत्या प्रदेशाच्या व्हिस्कीत धूर असावा आणि कोणत्या व्हिस्कीत फळांचा गोडवा, याविषयी तिच्यात अवाक्षर नाही. मग प्रदेशाचे नाव वाचून पेल्यातल्या चवीचा अंदाज बांधावा की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येक प्रदेशातील एक-दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून, अरुंद तोंडाच्या पेल्यात, आधी निव्वळ आणि नंतर थेंब-थेंब पाणी घालून चाखल्या.

लोलँडची ऑखेंटोशन १२ (नावापुढचा आकडा मुरण्याची वर्षे सांगतो) अपेक्षेप्रमाणेच हलकी निघाली. ग्लासगोजवळची ही डिस्टिलरी आपले सर्व मद्य तीनदा गाळते, तर स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी दोनदाच गाळण्याची रीत आहे. तिसऱ्या खेपेत जड घटक मागे राहतात आणि मद्य अधिक स्वच्छ होते. भाजलेले बदाम, संत्र्याची साल आणि किंचित कॅरॅमल एवढे जाणवते आणि चव लवकर मावळते. निर्दोष आहे, पण दुसऱ्या पेल्याची ओढ लावत नाही.

स्पेसाइडमध्ये आल्यावर नकाशा प्रथम डळमळतो. १८२३ च्या अबकारी कायद्यानंतर जॉर्ज स्मिथ यांनी १८२४ मध्ये परवाना घेऊन कायदेशीर केलेल्या ग्लेनलिव्हेटची १२ वर्षांची बाटली म्हणजे या प्रदेशाचा रूढ नमुना होय. हिरवे सफरचंद, अननस, मध, थोडा व्हॅनिला असा तिचा सुबक, कोवळा आणि कोणालाही न दुखावणारा बाज आहे. त्याच प्रदेशातील ग्लेनफार्क्लस १५ मात्र जवळजवळ वेगळ्या जातीचे पेय वाटते. १८६५ पासून एकाच ग्रँट घराण्याच्या मालकीची ही डिस्टिलरी आजही स्टिलखाली थेट ज्योत लावते आणि मद्य ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरवते. ४६ टक्के मद्यार्कामुळे पहिला घोट भरदार लागतो; मग मनुका, अंजीर, अक्रोड, कडसर डार्क चॉकलेट आणि शेवटी जुन्या लाकडाचा कोरडेपणा एकामागून एक येतात. दोन्ही बाटल्या स्पेसाइडच्याच असल्या, तरी दोघींमधली दरी कोणत्याही दोन प्रदेशांमधल्या दरीहून मोठी आहे. ती दरी मुख्यतः पिंपाने निर्माण केली आहे. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी दरवेळी आतून जाळलेले नवे ओकचे पिंप वापरण्याची कायद्याने सक्ती असल्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला पोहोचतात आणि व्हॅनिला, नारळ, मध या छटा देतात; शेरीत भिजलेले लाकूड सुकामेवा आणि मसाल्याकडे नेते.

हायलँड या नावाखाली तर इतका विस्तीर्ण मुलूख येतो की त्याची एक चव सांगणे अशक्यच आहे. उत्तरेकडील ब्रोरा गावची क्लायनलिश १४ (४६ टक्के) मला या साऱ्या बाटल्यांमध्ये सर्वांत वेधक वाटली. तिच्यात मेणाचा एक विलक्षण गुळगुळीतपणा आहे. तो जिभेवर नुसता लागत नाही, स्पर्शासारखा जाणवतो, आणि त्यामागोमाग लिंबाची साल, मोहरीचा हलका झणका आणि पुसट मीठ येते. हा गुण डिस्टिलरीतील मद्य साठवणाऱ्या टाक्यांच्या आतल्या थराशी जोडला जातो. तो थर खरवडून टाकला की मेणही नाहीसे होते, असा तेथील अनुभव आहे. म्हणजे ज्याला आपण प्रदेशाचा स्वभाव समजतो, तो एखाद्या टाकीच्या सफाईवर अवलंबून असू शकतो! स्काय बेटावरील टॅलिस्कर १० हीसुद्धा नियमावलीच्या दृष्टीने हायलँडचीच, कारण आयला सोडून इतर बेटांना तिथे स्वतंत्र स्थान नाही. तिचा मद्यार्क ४५.८ टक्के आहे, आणि धूर, समुद्राचे खारे पाणी व गिळताना घशात फुटणारी काळी मिरी यांचा तिच्यात चांगला मेळ बसला आहे. क्लायनलिशशी तिचे नाते शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही.

कॅम्पबेलटाउनमध्ये एकेकाळी डिस्टिलऱ्यांची दाटी होती. आज स्प्रिंगबँक, ग्लेन स्कोशिया आणि ग्लेनगाइल एवढ्या तीनच उरल्या आहेत. स्प्रिंगबँक १० (४६ टक्के) मध्ये हलका धूर, तेलकट पोत, नाशपाती आणि ओलसर तळघराचा खमंगपणा आहे. बार्लीला जमिनीवर पसरून मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचे सर्व काम त्याच आवारात होते. मद्याचा काही भाग दोनदा आणि काही तीनदा गाळला जात असल्यामुळे त्याला अडीच वेळा गाळलेले म्हणतात. तिथेच दोनदा गाळलेली, भरपूर पीटचा (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाचा) धूर असलेली लाँगरो आणि तीनदा गाळलेली, पीटचा स्पर्शही नसलेली हेझलबर्न तयार होते. एकाच आवारातून इतक्या भिन्न व्हिस्की निघतात, ही नकाशावर विसंबणाऱ्यांची पंचाईतच आहे.

उरले आयला. या बेटाचे नाव घेताच धूर आठवतो, आणि लाफ्रोइग १० तो पुरेपूर देते. मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर वाळवताना त्यातील फिनॉल ही धुरकट वासाची संयुगे दाण्यांना चिकटतात आणि गाळल्यानंतरही टिकतात. आयोडीन, रुग्णालयातील जंतुनाशक, ओले समुद्रशेवाळ, विझलेली शेकोटी अशा या गंधामुळे काही जण पेला तोंडाजवळ नेण्याआधीच खाली ठेवतात. धीर धरणाऱ्याला मात्र त्याखाली व्हॅनिलाचा चांगला गोडवा सापडतो. पाणी थोडे घातल्यास गंध अधिक मोकळा होतो. २०१७ मध्ये स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे असे दाखवले की पातळ केलेल्या मिश्रणात धुराचा गंध देणारा ग्वायाकॉल हा घटक पृष्ठभागाजवळ जमा होतो. पण सढळ हाताने पाणी ओतल्यास लाफ्रोइगचे अंग पटकन पातळ पडते, ही तिची उणीव.

त्याच बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील बुनाहाव्हन १२ मध्ये मात्र धूर जवळजवळ नाहीच, कारण तिच्यासाठी पीटविना वाळवलेली बार्ली वापरतात. ४६.३ टक्के मद्यार्काची ही बाटली थंड करून फिल्टर केलेली नसल्याने तिचा पोत भरीव राहतो. मनुका, भाजलेले शेंगदाणे, थोडे मीठ आणि मधाचा लांबत जाणारा शेवट असा तिचा डौल आहे, आणि तिची जवळीक लाफ्रोइगपेक्षा ग्लेनफार्क्लसशी अधिक. दोन्ही आयला एकाच बैठकीत चाखायच्या असतील, तर बुनाहाव्हन आधी घ्यावी. लाफ्रोइगनंतर तिचे मीठ आणि मध जिभेला सापडणे कठीण.