सात दिवसांत मन शांत? कर्जतकडच्या योग शिबिराचा अनुभव, बिलासकट

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी मी त्यांना मेलवर कळवल्यात, त्यांचं अर्धंमुर्धं उत्तरही आलंय, आणि तिथे सूत्रं शिकवणाऱ्या मॅडम इतक्या चांगल्या आहेत की ऑफिसच्या चुकांपायी त्यांच्या वर्गाला माणसं कमी झाली तर मलाच वाईट वाटेल. पण अशी शिबिरं आता कर्जत, मुळशी, लोणावळा सगळीकडे निघालीयत आणि पॅकेज थोडंफार सारखंच असतं, त्यामुळे जायचा विचार असेल तर वाचा.

मी डोंबिवलीची, बँकेत आहे, वय ४७. गेली दोन वर्षं रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग डोकं जे सुरू होतं, क्वार्टर एंडचे आकडे, लेकाची फी, सासूबाईंचा गुडघा, आणि २०१४ साली एका मीटिंगमध्ये मी बोलायला पाहिजे होतं आणि बोलले नाही ते. डॉक्टर झाले, थायरॉइड वगैरे सगळं नॉर्मल निघालं. मग नोव्हेंबरच्या शेवटी रजा टाकली आणि गेले. २४,५०० रुपये, दोघींत एक खोली, वर जीएसटी. जाहिरातीत ठळक अक्षरात होतं, सात दिवसांत मन शांत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

खोली स्वच्छ होती, गरम पाणी सोलरचं म्हणजे ऊन पडल्यावर, तेव्हा पाचच्या घंटेला उठून आंघोळ करणाऱ्यांनी आपापलं नशीब बघायचं. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतात, दुपारी एक तास मिळतो. हा नियम मला आवडला, फक्त तो स्टाफलाही लावा राव. ध्यानाच्या हॉलबाहेर रिसेप्शनवाला भाऊ स्पीकरवर कुणाशीतरी सिलेंडरच्या नंबरावरून भांडत होता आणि आत आम्ही तीसजण डोळे मिटून बसलेलो.

पहिल्या सकाळी जलनेती. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ, पुढे वाकायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि तोंडाने श्वास घ्यायचा. मी घाबरून नाकानेच घेतला, सगळं पाणी घशात, डोळ्यांतून धारा. शेजारच्या सांगलीच्या काकू (माझ्या रूममेट, वय ६८, पुढे त्या बऱ्याचदा येणारेत) म्हणाल्या, "अगं समुद्रात बुडाल्यागत काय करतीस, तोंड उघड की!" दुसऱ्या दिवशी जमलं. नंतर कपालभातीने नाक नीट कोरडं करायला सांगतात, ते टाळू नका, नाहीतर दिवसभर डोकं जड.

जेवण उत्तम. ज्वारीची भाकरी, दुधी, मुगाचं वरण, ताक, सकाळी कोहळ्याचा रस. मीठ कमी पण चव होती. चहा मात्र पूर्ण बंद आणि तो आधी सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्म्या ग्रुपचं डोकं ठणकायला लागलं तर तिथले वेलनेस कन्सल्टंट म्हणतात, बघा, टॉक्सिन बाहेर पडतायत. टॉक्सिन कसले डोंबलाचे, रोज पाच कप चहा पिणाऱ्या माणसाचा चहा एकदम तोडला की डोकं दुखणारच, कॅफीनची सवय सुटताना होतंच ते. आणि शरीरातला कचरा काढायला लिव्हर आणि किडन्या आहेत, त्या काय कर्जतला येईपर्यंत थांबल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर आमच्यातले चार चेहरे दिसले. त्यातला एक माझा.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले ते. रोज सकाळी साडेअकरा ते साडेबारा पातंजल योगसूत्रांचा वर्ग. मला वाटलेलं संस्कृत म्हणजे झोप. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, योगश्चित्तवृत्तिनिरोधः, म्हणजे चित्तात उठणाऱ्या वृत्ती थांबणं तोच योग, आणि मागच्या रांगेतून दोन मुलं फिस्सकन हसली. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "हसून घ्या, सरकारने ते नाव कुटुंबनियोजनाला नंतर दिलं, पतंजलींचा शब्द आधीचा आहे." हॉल खो खो. त्यानंतर कुणालाच झोप आली नाही.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं लिहिते. सूत्रं १९५, काही पाठांत १९६, पाद म्हणजे प्रकरणं चार. आपण धरून चालतो की मन शांत म्हणजे मन रिकामं, एकही विचार नको. पतंजली आधी यादी देतात की चित्तात उठतं ते काय काय असतं. पाच प्रकार. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान, विपर्यय म्हणजे चुकीचं ज्ञान, मग विकल्प, निद्रा आणि स्मृती. विकल्प म्हणजे आपण मराठीत म्हणतो तो पर्याय नव्हे हं, परीक्षेच्या पेपरातला. इथे विकल्प म्हणजे नुसते शब्द, ज्यामागे वस्तूच नाही. आणि निद्रा हीसुद्धा वृत्तीच! म्हणजे योगनिद्रेत (आडवं पडून, सूचना ऐकत अंग सैल सोडायचं ते) मी दोन दिवस घोरत होते (काकूंनी साक्ष दिली) आणि उठून म्हणत होते वा काय शांत वाटलं, तर ते काही चित्त थांबलेलं नव्हतं, ती सरळ दुपारची झोप होती.

मग त्यांनी प्रत्येकाला खिशातली छोटी वही दिली. वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन पळालं की डोळे किलकिले करून एक रेघ मारायची, पाचपैकी कोणत्या रकान्यात ते बघून. मनाला रागवायचं नाही, ओढून आणायचं नाही, नुसती नोंद. मी बँकेतली बाई, नोंदी ठेवणं आपलं कामच. तिसऱ्या दिवशी माझ्या रेघा ४१, त्यातल्या २६ विकल्पात. म्हणजे काय तर मॅनेजरशी न झालेली भांडणं, नणंदेला न दिलेली उत्तरं, लेक फेल झाला तर काय (तो फेल झालेला नाही, नववीत आहे, ८२ टक्के आहेत त्याला). मी दोन वर्षं रात्री तीनला उठून जे चघळत होते त्यातलं बहुतेक घडलेलंच नव्हतं. ते रकान्यात बघून मला एकदम हसू आलं आणि मग थोडं रडूही आलं, खोटं कशाला सांगू. काकूंची वही बघितली तर सगळ्या रेघा स्मृतीत. "ह्यांना जाऊन चार वर्षं झाली गं," एवढंच म्हणाल्या आणि वही मिटली.

श्वासाचं कामही मॅडमच घ्यायच्या. हठप्रदीपिका ह्या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातलं वचन सांगितलं, चले वाते चलं चित्तं, वारा म्हणजे श्वास हलला की चित्त हलतं. चार आकडे श्वास आत, आठ बाहेर, आणि जमत नसेल तर चार-सहा, पण ओढाताण नको. कुंभक अजिबात नाही, नव्या माणसाने श्वास कोंडायचा नाही म्हणाल्या. कारणही सांगितलं, श्वास आत घेताना नाडी जरा वाढते आणि सोडताना मंदावते, हे बोटाने मनगटावर आपलं आपल्याला तपासता येतं. मी तपासलं. खरंच कळतं! असं हाताला लागणारं काहीतरी सांगितलं की माझ्यासारख्या शंकेखोर माणसाचा विश्वास बसतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि उड्डीयान, नौली ह्या पोटाच्या क्रिया करताना पोटात नक्की काय होतं ते एक्स-रे लावून बघितलं, हे पण त्यांच्याकडूनच कळलं. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी मोजून बघितलंय आणि आमचे कन्सल्टंट अजून टॉक्सिनवर अडकलेले.

चौथ्या रात्रीचा किस्सा. तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे हॉल सुरू होतात, आणि सेंटरच्या कुंपणाला लागून एक मोठं लॉन आहे, हे बुकिंगच्या वेळी कुणी बोललं नव्हतं. फोनवर काय तर निसर्गाच्या सान्निध्यात. संध्याकाळी साडेसातला ध्यानाला बसलो आणि डीजे सुरू, खिडकीच्या काचा थरथरतायत. एक गृहस्थ उठून तरातरा ऑफिसात पैसे परत मागायला गेले. मॅडम आल्या, म्हणाल्या, आज प्रत्याहार करू, म्हणजे इंद्रियांना बाहेरच्या गोष्टींमागे धावू द्यायचं नाही, आयता धडा आलाय. आवाज बंद व्हायला पाहिजे असं कुणी सांगितलं, कान ऐकणारच, तुम्ही त्याच्या मागे वरातीत नाचायला जाऊ नका म्हणजे झालं. पंधरा मिनिटं बसले. शांत बिंत काही वाटलं नाही, पण एका क्षणी लक्षात आलं की चिडचिड डीजेची नव्हती, "मी एवढे पैसे भरले" ह्या वाक्याची होती. विकल्पात एक रेघ.

तरीपण सेंटरला ह्याचं क्रेडिट मिळणार नाही. लॉन शेजारी असेल तर आधी सांगा. मॅडम हुशार निघाल्या हे त्यांचं कौतुक, ऑफिसचं नाही.

आता थेरपी. पॅकेजमध्ये दोन अभ्यंग आणि पोटावरची मातीपट्टी धरलेली आहे. अभ्यंग छान, मालिश करणाऱ्या ताईंच्या हाताला जादू आहे, मातीपट्टी गार लागते पण मजा येते. शिरोधारा वेगळे २,८००, पाऊण तास कपाळावर तेलाची धार, सुख म्हणजे सुख, पण तेल दोन दिवस केसांतून गेलं नाही आणि त्या रात्रीही तीनला जाग आलीच. चक्र बॅलन्सिंग म्हणून काचेचे वाडगे वाजवतात त्याचे १,५००. मी केलं नाही. एका मुलीने केलं, ती म्हणाली आवाज गोड होता, बास.

आणि एक गोष्ट गंभीरपणे लिहितेय. काकूंना बीपीची गोळी आहे, बारा वर्षं. त्या कन्सल्टंटनी त्यांना सांगितलं, सात दिवस गोळी थांबवून बघा, इथे सगळं नैसर्गिकरीत्या खाली येईल. काकूंनी लेकाला फोन लावला (त्या एका तासात), लेक तिकडून ओरडला आणि त्यांनी गोळी चालूच ठेवली. मी ऑफिसात जाऊन विचारलं तर म्हणे तसा त्यांचा उद्देश नव्हता. उद्देश काहीही असो, बीपी, शुगर, डिप्रेशनच्या गोळ्या असल्या शिबिरात कुणी बंद करायला सांगितल्या तर सरळ उठून निघा. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, म्हणाल्या, ज्याने गोळी लिहून दिली तोच कमी करणार, योग गोळीच्या जोडीने चालतो. मेलमध्ये मी हेच सगळ्यात वर लिहिलंय आणि नेमकं ह्यावरच त्यांचं उत्तर नाही.

शेवटच्या दिवशी अभ्यास-वैराग्याची सूत्रं झाली. पहिल्या पादातलं चौदावं, अभ्यास पक्का कधी होतो, तर दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर. मी हात वर केला. मॅडम, मग जाहिरातीत सात दिवस कसं काय? त्या हसल्या. "ती मी लिहिली नाही हो. मी लिहिली असती तर एकही माणूस आला नसता."

घरी येऊन तीन महिने झाले. सकाळी वीस मिनिटं बसते, आठवड्यातून पाच दिवस धरा, मार्च जवळ आल्यावर चारच. तीनला जाग अजून येते. फरक एवढा की पूर्वी साडेपाचपर्यंत तळमळायचे, आता बऱ्याचदा अर्ध्या तासात डोळा लागतो, कारण अंधारातच ओळखता येतं की हे विकल्पातलं आहे, उद्या सकाळी ह्यातलं काही बँकेत हजर नसणार. नवरा म्हणतो २४,५०० मध्ये एक छोटी वही मिळाली. तसं म्हटलं तर तेच झालं. काकूंशी रविवारी फोन असतो, त्यांची स्मृतीची पानं भरत चाललीयत आणि त्यांना ती कमी करायची नाहीयेत असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, आणि मॅडमनाही.

मार्क द्यायचे तर सूत्रांचा आणि श्वासाचा वर्ग ५ पैकी ५, जेवण ४, खोली साडेतीन, ऑफिस २, थेरपीवाला विभाग १ आणि तो एक मालिशवाल्या ताईंचा. एकूण ३. तुम्हाला फक्त आसनं-प्राणायाम शिकायचं असेल तर एवढ्या लांब आणि एवढे पैसे घालून जायची गरज नाही, ठाण्याच्या बाजूला असाल तर घंटाळी मित्र मंडळाचे वर्ग वर्षानुवर्षं चालूयत, पुण्यात तर वर्गांना तोटा नाही. पण सूत्रं कुणीतरी समोर बसवून, हसत-खेळत, रोजच्या भांडणांना लावून शिकवावीत असं वाटत असेल तर असं निवासी शिबिर बघा, मात्र बुकिंगच्या आधी तीन गोष्टी विचाराच. सूत्रं कोण शिकवतं आणि किती तास, शेजारी लॉन आहे का, आणि चहा मिळतो का.

हॉलमधल्या सतरंज्या पातळ आहेत, गुडघे बोलत असतील तर घरून एक जाड गोधडी न्या. आणि कर्जत स्टेशनवरून रिक्षावाले ४०० सांगतात, ३०० ला येतात.