हुबळी-धारवाडची चिगरी बस: म्हापशाच्या रोजच्या प्रवाशाचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी काही ट्रॅफिकमधली एक्स्पर्ट वगैरे नाही, मी रोज म्हापसा-पणजी करणारी नोकरदार बाई आहे, बावीस वर्षं झाली ह्याला, आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तर खिडकीतून तोच एक पिलर इतका वेळ बघितलाय की त्याला आता नाव ठेवायचं बाकी आहे. तर मे महिन्यात आईला घेऊन धारवाडच्या मावशीकडे गेले, चार दिवस राहिले, आणि त्या चार दिवसांत हुबळी-धारवाडच्या बीआरटीएसने, म्हणजे स्वतःची वेगळी लेन असलेल्या बससेवेने, इतक्या वेळा ये-जा केली की शेवटी मावशी म्हणाली, अगं तू मला भेटायला आलीस की बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हुबळी आणि धारवाड ही दोन गावं साधारण वीस किलोमीटरवर, पण १९६२ मध्ये दोघांची मिळून एकच महानगरपालिका झाली. एकीकडे बाजारपेठ आणि रेल्वे, दुसरीकडे युनिव्हर्सिटी, कोर्ट-कचेरी आणि पेढे, त्यामुळे सगळं जग सकाळी इकडून तिकडे आणि संध्याकाळी तिकडून इकडे. म्हणजे आपलं म्हापसा-पणजीच की. तिथे रस्ता रुंद करून मधोमध बससाठी वेगळ्या लेन काढल्यात, सगळा मिळून साधारण २२ किलोमीटरचा मार्ग, आणि २०१८ पासून त्यावर एसी बसेस धावतात. बसचं नाव चिगरी. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. नाव ठेवणाऱ्याला पूर्ण मार्क.

आता खरा किस्सा. आईचे गुडघे गेलेत, वय एकाहत्तर. आपल्याकडच्या खाजगी बसची पहिली पायरी किती उंच असते ते म्हापशाच्या बायकांना विचारा, एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने साडी, पिशवी दातात धरायचीच काय ती बाकी, आणि मागून कंडक्टर पत्र्यावर थाप मारत "मावशे, फुडें सर गो, फुडें सर!" गेल्या वर्षी अशाच एका बसने आईचा पाय पायरीवर असतानाच गाडी सोडली, पडली नाही हे नशीब, पण तेव्हापासून ती बस म्हटली की आधी देवाचं नाव घेते. तर धारवाडच्या वाटेवर नवनगरला आम्ही चिगरीच्या स्टेशनात गेलो, तिकीट खिडकीवर काढलं, गेटमधून आत. फलाटाची उंची आणि बसच्या आतल्या फरशीची उंची सारखी. बस येऊन लागली, दार उघडलं, आणि आईने सवयीने पाय हा एवढा उचलला. आणि पायरीच नाही! ती पाय हवेत धरून तशीच उभी, मग माझ्याकडे बघून हसायला लागली, मागचा कॉलेजचा मुलगा पण हसला, आणि ती घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी आत चालत गेली. पुढच्या स्टेशनपर्यंत हसत होती. उतरायच्या वेळी मात्र डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, कारण जन्मभर बसचं दार डावीकडे, इथे स्टेशन रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे दार उजवीकडे उघडतं. दोन दिवसांनी तिला सवय झाली, आता म्हापशात उलटं कर म्हणून सांगावं लागतं.

मला स्वतःला जे सगळ्यात आवडलं ते एसी नाही. ते म्हणजे बस स्टॉपवर थांबतच नाही फारशी. विद्यानगरला, कॉलेज सुटायच्या वेळेला, मी मनात आकडे मोजत होते, चढणारे उतरणारे मिळून पंधरा-सोळा जण तरी असतील, बारापर्यंत पोचले नाही तोवर दार बंद. कारण तिकीट बाहेरच काढून झालेलं, सुट्ट्या पैशांची मारामारी नाही, दारं रुंद, पायरी नाही. आपल्याकडे गिरीला दोन बायका आणि एक भाजीची टोपली चढायला ह्याच्या तिप्पट वेळ लागतो, त्यात शंभराची नोट निघाली तर झालंच. आणि आणखी एक गोष्ट, स्टेशनांजवळ एकेक जादा लेन ठेवलीय, त्यामुळे सगळीकडे थांबणारी बस उभी असली तरी थेट जाणारी बस बाजूने निघून जाते. बघायला साधं वाटतं पण एक्स्प्रेस बस चालते ती ह्या एका लेनवर.

तर बसून बसून माझ्या लक्षात काय आलं, की ह्यातलं निम्मं आपल्याकडे आहे की! कदंबाची, म्हणजे गोवा सरकारच्या बस महामंडळाची, पणजी-म्हापसा शटल. कंडक्टर नाही, तिकीट काउंटरवर, लायनीत उभं राहायचं, सीट भरल्या की दार बंद आणि थेट पणजी. लाईन कितीही लांब दिसली तरी ती लाईन हलते, हे गोव्यातल्या प्रत्येक नोकरदाराला माहीत आहे. कदंबा सुरू झाली १९८० मध्ये, आणि जगभर बीआरटीवाले ज्याला बसमध्ये चढण्याआधीच तिकीट म्हणून मोठं कौतुक सांगतात ते आपण वर्षानुवर्षं कसला गाजावाजा न करता करतोय. फक्त ती शटल बिचारी निघते आणि पुढे पर्वरीला रेंट-अ-कारच्या काळ्या पाटीच्या गाड्यांच्या मागे जाऊन उभी राहते. चाळीस माणसांची बस आणि पुढे एकेका गाडीत दोन-दोन टुरिस्ट, दोघांना रस्ता सारखाच. लेन नाही, बाकी सगळं आहे.

ही लेनची कल्पना काही नवी नाही. ब्राझीलमध्ये कुरितिबा म्हणून शहर आहे, तिथे जाइमी लर्नर नावाचा आर्किटेक्ट महापौर झाला, मेट्रोला पैसे नव्हते, म्हणून १९७४ मध्ये बसलाच स्वतःचा रस्ता दिला. पण त्याची खरी हुशारी वेगळीच होती, उंच बिल्डिंगांना परवानगी मुख्यतः ह्या बसच्या रस्त्यांच्या कडेला दिली, म्हणजे शहर वाढलं तेच बसच्या दाराशी वाढलं. आपल्याकडे उलटं चाललंय, आधी पर्वरीच्या टेकडीवर फ्लॅट, मग प्रत्येक फ्लॅटमागे दोन गाड्या, मग उड्डाणपूल. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, आज गाड्यांचा आकडा माणसांच्या बरोबरीला आलाय, आणि तरी रात्री आठनंतर बसची वाट बघणारा माणूस गोव्यात वेडा ठरतो.

आता वाईट बाजू पण सांगते नाहीतर म्हणाल मावशीचं गाव म्हणून स्तुती चाललीय. चिगरीची स्वतःची लेन सगळीकडे नाही, हुबळीच्या भर बाजारात शिरली की ती पण इतरांसारखीच वाहनांच्या गर्दीत. स्टेशन मधोमध असलं की तिथे पोचायला अर्धा रस्ता ओलांडायचाच, ही जगातल्या अशा सगळ्या स्टेशनांची अडचण. आणि तिथले लोक खूश आहेत असं अजिबात नाही, बाजूच्या लेनमध्ये जाम होतो, ही लेन सगळ्यांना मोकळी करा अशी मागणी तिथे जोरात आहे. मावशीचे शेजारी, रोज स्कूटरने जाणारे, मला म्हणाले, "ती रिकामी लेन बघून पोटात दुखतं हो." मी त्यांना म्हटलं, काका, बस पटकन निघून जाते म्हणून तर रिकामी दिसते, तुमची लेन भरलेली दिसते कारण तुम्ही हलतच नाही. पटलं नाही त्यांना. चहा मात्र पाजला.

आणि हा वाद जिथे गाडीवाल्यांनी जिंकला तिथे काय झालं तेही बघा. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा बीआरटीचा जेमतेम ५.८ किलोमीटरचा तुकडा केला, एवढ्याशा तुकड्याने काय होणार, तो २०१६ मध्ये उखडला. भोपाळने पण आपली बीआरटी काढून टाकली. पुण्याने तर २००६ मध्येच देशात सगळ्यात आधी कात्रज-स्वारगेट-हडपसर केली, पण लेनमध्ये दुचाकी घुसायच्या त्या घुसतच राहिल्या. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग सुरू केला तेव्हा बंद स्टेशनं, मधली लेन, ठरलेल्या बस असं सगळं एकदम केलं, म्हणून तिथे लोकांना निदान कळलं तरी की ही चीज काय आहे. अर्धवट केली की बीआरटी म्हणजे नुसती रस्त्यात घातलेली रेलिंग.

गोव्यात गावागावात असलं काही करा असं मी म्हणत नाहीये, डिचोली-साखळीच्या रस्त्याला लेन कुठून आणणार, आणि त्यासाठी कोणाची शेतं बुजवलेली तर मला मुळीच नको. पण म्हापसा-पणजी-मडगाव हा हायवे आधीच रुंद झालाय. झुवारीच्या नवीन पुलावर आठ लेन आहेत, आठ! त्यातली जाताना एक येताना एक शटलला दिली तर कोणाचं घर पाडावं लागत नाही, खर्च रंगाचा आणि पोलिसाचा. मोपाचा विमानतळ चालू होऊन आता वर्षं झाली, तिकडची गर्दी पण ह्याच रस्त्यावर येणार.

असो, माझे पाचापैकी चार स्टार. एक कापला तो बाजारातल्या गर्दीसाठी. जाणार असाल तर खिडकीपाशी बसा, उणकल तलाव दिसतो. शेवटपर्यंत जायचं असेल तर सगळ्या स्टेशनांवर थांबणारी सोडून थेट बस पकडा, बोर्ड वाचता येत नसेल तर कोणालाही विचारा, धारवाडात मराठी कळणारं माणूस सापडतंच. तिकिटाचा कागद पिशवीत खोल टाकू नका, गेटवर शोधत बसाल, आमच्या आईने एकदा पेढ्याच्या डब्याखाली ठेवला होता. आणि लाईन बाजारात पेढे घ्यायचे असतील तर सकाळी लवकर जा, ती लाईन कदंबाच्या शटलसारखी हलत नाही.