थंडीत ट्रक उचलत नसेल तर: हैदराबाद रोडवरचं सेल्फ-बॅटरीचं दुकान

या दुकानाचा गुण एकच, पण मोठा: इथे आधी मीटर निघतो, पाना नंतर. सोलापूरच्या थंडीत डिझेल सहसा गोठत नाही, त्यामुळे पहाटेचा दोष बहुतेकदा बॅटरीत, अर्थिंगमध्ये (बॅटरीची चासीला जोडलेली वायर) नाहीतर डिझेल लाइनीत सापडतो. तपासणीही त्याच क्रमाने होते.

24 व्होल्टच्या गाडीत 12 च्या दोन बॅटऱ्या असतात. त्या वेगळ्या करून प्रत्येकीचं व्होल्टेज बघतात, 12.6 असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारताना पुन्हा मीटर लावतात. एक बॅटरी 9.6 च्या खाली कोसळली की ती गेली. एकच नवी टाकू नका, हा इथला सल्ला योग्यच आहे. जुनी नवीलाही घेऊन बुडते. व्होल्टेज टिकूनही सेल्फ रडत फिरत असेल, तर चासीची अर्थिंग उघडून गंज घासतात. सेल्फच्या आतले झिजणारे कार्बन आणि बुश त्यानंतर बघतात.

सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूरच नाही? मग डिझेल पोचत नाही. रात्रभर उभ्या गाडीने एअर पकडलेली असते, म्हणजे डिझेल लाइनीत हवा शिरलेली असते. हँड प्रायमर (डिझेल ओढणारा हातपंप) कडक होईपर्यंत मारून, फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढतात, डिझेल पाइपाच्या बॅन्जो जोडाचे तांब्याचे वॉशरही बदलतात. पांढरा धूर येत असेल तर थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या हीटरचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) बघतात. हीटरवाल्या इंजिनात गाडी उचलायला ईथरचा स्प्रे मारायला साफ नकार देतात, कारण तापलेल्या हीटरवर तो पेट घेतो.

खोट एवढीच, सकाळी नऊच्या आत शटर उघडत नाही. थंडीतली गाडी अडते सहाला!