‘जर्नी टू द वेस्ट’ मुलांना वाचून दाखवताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

शंभर प्रकरणं, दगडातून जन्मलेलं माकड आणि भारतातून धर्मग्रंथ आणायला निघालेला भिक्षू. चीनमधल्या मिंग काळातल्या या कादंबरीची १५९२ची नानजिंगची छापील प्रत आजही उपलब्ध आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी इतकं धमाल साहस क्वचितच मिळतं. फक्त आवृत्ती आणि काटछाट नीट हवी.

आर्थर वेली यांचा ‘मंकी’ (१९४२) हा इंग्रजी अनुवाद ओघवता आहे. समोर ठेवून मराठीत सांगत गेलं तरी अडखळायला होत नाही. पण त्यात तीसच प्रकरणं आहेत. त्या माकडाचा, म्हणजे सुन वूकोंगचा, स्वर्गातला धुडगूस पूर्ण आहे, प्रवासातली मोठी साहसं मात्र तीनच. अस्थिराक्षसी (प्र. २७) आणि ज्वाळांचा डोंगर (५९ ते ६१) नाहीत, आणि मुलं सगळ्यात जास्त रंगतात ती तिथेच. म्हणून अँथनी यू यांचा चार खंडांचा संपूर्ण अनुवाद वाचनालयातून तरी आणावाच. त्यातल्या लढाईआधीच्या लांबलचक कविता वाचून दाखवू नयेत, मुलं कंटाळतात.

खरी गोम आहे ती प्रकरणं निवडण्यात. वरवर पाहता राक्षस भिक्षूला पळवतो, वूकोंग सोडवतो, एवढंच पुन्हापुन्हा घडतं; त्यामुळे हाताला येईल ते गाळावंसं वाटतं. तिथे घोटाळा होतो, कारण धागे फार लांबून आलेले असतात. डोंगर विझवायला लोहपंखा राजकन्येचा केळीच्या पानाचा पंखा लागतो, पण ती वूकोंगवर का चिडली आहे? तिच्या मुलाला, लाल पोराला, त्याच्यामुळे करुणेची देवी कुआन्यिनने नेलेलं असतं (४० ते ४२). तिचा नवरा बैलराक्षस हा तिसऱ्या प्रकरणातला वूकोंगचा मानलेला भाऊ. आणि डोंगर पेटला तो सातव्या प्रकरणात वूकोंगने स्वर्गातल्या लाओत्झू या ताओ देवाची भट्टी लाथाडली तेव्हा खाली पडलेल्या विटांमुळे! हे आधी वाचलेलं असेल तर मुलं स्वतःच दुवा जोडतात आणि अक्षरशः ओरडतात. तसंच ४९वं गाळलं तर ९९व्या प्रकरणात कासव सगळ्यांना ग्रंथांसकट पाण्यात का बुडवतं हे कळत नाही. त्याने बुद्धाला विचारायला सांगितलेला प्रश्न हे लोक विसरलेले असतात.

कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावर बेतला आहे तो ह्युएन त्संग आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला असतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, ६४५मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतलेला. कादंबरीतला भिक्षू मात्र घाबरट, जरा काही झालं की रडणारा. ‘हा असा कसा?’ हा प्रश्न येणारच. खऱ्या प्रवाशाची हकिगत आधी दहा मिनिटांत सांगून टाकावी, म्हणजे दोन्ही वेगळे राहतात.

एका बैठकीला एकच प्रकरण पुरे. ५३वं, ज्यात नदीचं पाणी पिऊन भिक्षू आणि त्याचा डुकरासारखा शिष्य बाज्ये गरोदर राहतात, लहानांसाठी सोडलं तरी चालतं. २७वं मात्र एकटं वाचू नये. अस्थिराक्षसी मुलगी, म्हातारी आणि म्हातारा अशी तीन रूपं घेते, वूकोंग तिन्ही वेळा ओळखतो, आणि तरी गुरू त्यालाच हाकलतो. मुलांना हा अन्याय फार लागतो. ३१व्यात तो परत येतो, तोवरची प्रकरणं सलग चार दिवसांत संपवावीत.