कॅम्पिंगसाठी मोठा चाकू घेताय? आधी मूठ बघा (का-बार बेकर बीके 7, दोन पावसाळे वापरून)

तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्याजवळ मित्राचं शेत आहे, महिन्यातून एकदा तरी आम्ही तिथे तंबू लावतो आणि चूल पेटवायची म्हटलं की सरपण फोडायला काहीतरी दणकट लागतंच. पहिला चाकू मी दिसण्यावर भुलून घेतला होता. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, सगळा थाट. वाळक्या बाभळीच्या ओंडक्यात तो रुतला, वरून लाकडाने दुसरा ठोका दिला आणि पातं ओंडक्यात, मूठ माझ्या हातात! मूठ आतून पोकळ, आणि पात्याचं शेपूट त्यात जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं. तेच पातं उडून शेजारी बसलेल्या पोराच्या पायावर गेलं असतं तर काय, या विचाराने मला रात्री झोप नाही लागली.

म्हणून पहिली गोष्ट, फुल टँगच घ्या. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं असतं आणि दोन बाजूंनी नुसते मुठीचे तुकडे बसवलेले असतात. मी नंतर घेतलेला का-बार कंपनीचा बीके 7 तसाच आहे. पातं 7 इंच, पाठ साधारण पावणेपाच मिलिमीटर जाड, वजन अर्ध्या किलोच्या आत. मनगटाएवढा ओंडका उभा धरायचा, धार त्याच्या माथ्यावर टेकवायची, चाकूच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत जायचं, सरळ दोन फाका होतात. पावसाळ्यात हे फार कामाला येतं, कारण लाकूड बाहेरून चिंब असलं तरी आतला गाभा कोरडा असतो, तो फोडून त्याच्याच बारीक ढलप्या काढल्या की चूल पेटते.

मूठ तर मला मनापासून आवडली. हा डिझाइन करणारा ईथन बेकर मुळात पाककलेच्या पुस्तकांमुळे नावाजलेल्या घरातला, हे मला नंतर कळलं, पण हातात धरल्यावर पटतं, तासभर ढलप्या काढल्या तरी तळहाताला फोड नाही.

आता कोणी म्हणेल, आपला कोयता काय वाईट आहे? अजिबात नाही. कोकणात आमचे काका कमरेला मागे आकडी बांधून त्यात कोयती अडकवतात आणि दिवसभर बागेत फिरतात, फांदी तोडायला त्या कोयतीपुढे हा चाकू काहीच नाही. झुडपं साफ करायची असतील तर लोहाराकडचा कोयताच घ्या, नीट पाणी दिलेला मिळाला तर जन्मभर पुरतो. पण कोयत्याचं टोक वळलेलं, त्यामुळे ठोकून सरळ फाका करणं, तंबूच्या खुंट्या तासणं, दोरी कापणं, कांदा चिरणं यात तो अडतो. मला ही सगळी कामं एकाच हत्याराने करायची होती.

पोलादाबद्दल सांगतो. हे 1095 क्रो-व्हॅन, म्हणजे कार्बन स्टील, थोडं क्रोमियम आणि व्हॅनेडियम घातलेलं, पण स्टेनलेस नाही. पात्यावर काळा लेप आहे, धारेवर मात्र नसतो, तिथे आपल्या पावसात एका रात्रीत तांबूस डाग येतात. उपाय सोपा आहे, वापर झाला की फडक्याने कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, भाजी चिरायलाही मग हरकत नाही. मुठीचे स्क्रू ॲलन कीने (षटकोनी पान्याने) निघतात, पावसाळा संपला की मी दोन्ही बाजू काढून आत साचलेला चिखल टूथब्रशने घासतो, पुसतो, तेल लावतो आणि परत कसतो. कार्बन स्टीलचा फायदा असा की घरच्या निसण्यावर दहा मिनिटांत धार लागते.

एवढी लाकडं फोडणार नसाल तर मोरा या स्वीडिश कंपनीचा गार्बर्ग हा चाकू बघा, तोही फुल टँग, पातं 109 मिलिमीटर, जाडी 3.2, आणि स्टेनलेसमध्ये मिळतो. दमट हवेत राहणाऱ्या, चाकू पुसायचा कंटाळा असणाऱ्या माणसाला मी तोच सांगेन.

9 इंचांवरचं पातं मुद्दाम टाळलं. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती आणि शेतीकामाचे सोडून, शस्त्रांत धरलेत. पातं लहान असलं तरी कमरेला लावून बाजारात, एसटी स्टँडवर फिरू नका, म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा, विमानात चेक-इन बॅगेतच. आणि हात जोडून सांगतो, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी लाकडाला हात लावू नका, तिथे गॅसचा छोटा स्टोव्ह न्या, चाकू फक्त कांद्याला.