इंदूरची कचरागाडी: सेवा पक्की, श्रेयाची वाटणी कच्ची

मी सुदामा नगरात राहते आणि घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळी तोंडावर आली की माझ्याकडचा कचरा चारचौघांच्या घरासारखा राहत नाही. बटाट्याच्या सालांचे ढीग, तेलाच्या रिकाम्या थैल्या, बेसनाची फाटकी पाकिटं, चकल्यांखालचे तेलकट कागद. त्यामुळे निगमच्या (महापालिकेच्या) कचरागाडीशी माझा संबंध रोजचा आणि कामाचा आहे.

सकाळी गाणं वाजवत पिवळी गाडी गल्लीत शिरते. तिला कप्पे सहा: गीला, सूखा, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा. सोबतचा भैया बादली नुसती उपडी करत नाही, आधी आत डोकावतो. शेजारच्या काकूंच्या भाजीच्या देठांत दुधाची पिशवी दिसली, तेव्हा त्यानं ती चिमटीत धरून झटकली, प्लास्टिकच्या कप्प्यात टाकली आणि म्हणाला, "आंटीजी, कल से अलग." आवाज चढवला नाही, पण काकूंच्या ओट्याखाली दुसऱ्या दिवसापासून वेगळी पिशवी टांगली गेली. अशी माणसं हीच या सेवेची खरी ताकद आहे.

ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथला बायो-सीएनजी प्लांट 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा घेण्याची आणि सुमारे 17 हजार किलो सीएनजी काढण्याची त्याची क्षमता आहे. शहरातल्या बसगाड्या त्या गॅसवर धावतात. माझ्याकडची सालं तिथे पोचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. सेवेला पाचपैकी पाच.

आता दुसरी गोष्ट. बाहेरगावचा पाहुणा आला, राजवाड्याकडे चक्कर मारून आला, की विचारतोच, "हे केलं कुणी?" आमच्या घरात उत्तर तयार असतं: मनीष सिंह, तेव्हाचे निगमचे कमिश्नर, कडक माणूस. ते खरंच आहे, त्या माणसानं शहर हलवलं. पण 2017 मध्ये इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, पहिलं आलं तेव्हा महापौर मालिनी गौड होत्या, 2015 ते 2020. थेट लोकांनी निवडून दिलेल्या. त्यांचं नाव आमच्याकडे निघतं ते एकाच वाक्यात: "नवरा गेला म्हणून तिकीट मिळालं."

हे वाक्य मीही बोलते, म्हणून ते नीट तपासून बघावंसं वाटलं. त्यांचे पती लक्ष्मणसिंह गौड 2008 मध्ये अपघातात गेले आणि त्याच वर्षी मालिनीताई आमदार झाल्या, यात खोटं काही नाही. पण माधवराव सिंधिया 2001 मध्ये गेले आणि 2002 मध्ये ज्योतिरादित्य गुण्यातून खासदार झाले, तेव्हा आमच्याच बैठकीत "वडिलांचा वारसा सांभाळला" असं कौतुक झालं होतं. परिस्थिती तीच, दुःखही तेच. मुलाला वारसा आणि बायकोला सहानुभूती, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो? घराणेशाहीला माझा विरोध आहे आणि तो मी सोडणार नाही. मात्र तो धरायचा तर दोघांनाही धरायला हवा.

कामाच्या बाबतीतही तसंच. कमिश्नरची बदली होते, त्याला मतं मागावी लागत नाहीत. कचऱ्याचे पैसे घरटी घ्यायचे, तर त्याचा राग मतपेटीतून निघू शकतो तो निवडून आलेल्यावर. ही जोखीम महापौरांची होती. शिस्त लावणारा पुरुष आपल्याला चटकन दिसतो आणि त्याच्या पाठीशी उभी राहिलेली बाई दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुमित्राताई महाजनांचंही हेच. ताई 1989 पासून लागोपाठ आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून गेल्या, आपल्या मराठी घरांचा केवढा अभिमान! तरी 2015 च्या ऑगस्टमध्ये लोकसभाध्यक्ष म्हणून त्यांनी काँग्रेसच्या 25 खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं, तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही. विरोधकांना बाहेर काढून सभागृह चालवणं मला मान्य नाही. पण त्या वेळी आमच्याकडे याहून जास्त चर्चा झाली ती "हेडबाईंसारख्या ओरडतात" याची. 2023 च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतून मिळून 146 खासदार निलंबित झाले. तेव्हा दोन्ही खुर्च्यांवर पुरुष होते. आमच्याकडे कुणाच्या आवाजावर एक शब्द नाही, चर्चा सगळी नियमांची. म्हणून निलंबनावरची माझी टीका मी ठेवली आहे आणि हेडबाई टीकेतून वगळली आहे.

आमच्या ह्यांना हे अजून पूर्ण मान्य नाही. त्यांचं म्हणणं, कमिश्नर नसता तर महापौर काय करणार होत्या? मी म्हणते, हाच प्रश्न उलटा करूनही विचारा. वाद चालू आहे.

सुदामा नगरात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी: ओला आणि सुका पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, सॅनिटरी कागदात गुंडाळून निराळा द्या, आणि सकाळी लवकर कामावर निघत असाल तर बादली द्यायला शेजारी सांगून ठेवा. गाणं ऐकल्यावर जिना उतरायला लागलात तर गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असते.